ऐंशी टक्के म्हणजे पूर्ण

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

संकल्प : मोटरहोमसाठी गॅसची कोणती व्यवस्था स्वीकारावी, याचा निर्णय या आठवड्याअखेर घेणे. घाई न करणे. परंतु विलंबही न करणे.

माझी पत्नी एनिड हिच्या मावशीने तिच्या नावे ठेवलेल्या पैशांतून सप्टेंबरात घेतलेले हे वाहन गेले सहा महिने दारात उभे आहे. आत शेगडी आहे, फ्रिज आहे, न्हाणी आहे, दोन बिछाने आहेत. गॅस मात्र नाही. विक्रेत्याने दिलेला सिलिंडर मी पहिल्याच दिवशी परत केला, कारण तो भाड्याचा होता. भाड्याच्या वस्तूवर चहा करणे माझ्या स्वभावात नाही.

एनिडची अट एकच : जुलै संपण्यापूर्वी नॉर्थंबरलंडच्या बेटांवर जाऊन पफिन पाहायचे. रंगीत चोचीचा हा समुद्रपक्षी जुलैअखेर समुद्रात निघून जातो आणि वसंतापर्यंत जमिनीला पाय लावत नाही. १९७४ मध्ये, लग्न झाल्यावर, आम्ही ती बेटे पाहिली होती. ऑगस्टमध्ये. तारीख मी निवडली होती. बेटांचे कडे रिकामे होते. एनिड हा विषय कधीच काढत नाही. वर्षातून दोनदा काढते.

१० मार्च, रविवार

आठवडा संपला. निर्णय झालेला नाही, कारण माहिती अपुरी आहे. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणाऱ्यांना मी चाळीस वर्षे वर्गात उभे केले. या वयात स्वतः त्यांच्या रांगेत जाणार नाही.

नवी वही आणली. पर्याय तीन : एक, रिकामा देऊन भरलेला घ्यावा असा भाड्याचा सिलिंडर, दोन, स्वतःच्या मालकीचा, पेट्रोलपंपावर स्वतः भरता येणारा सिलिंडर, तीन, गाडीच्या पोटाखाली कायमची टाकी. प्रत्येकास बारा निकष.

शेजारी औथवेट (निवृत्त बसचालक, जुनी, गंजकी व्हॅन, दर शुक्रवारी गायब) कुंपणावरून डोकावला. म्हणाला, मास्तर, रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा, चहा टाकायचा. यात वही कुठनं आली? मी त्यास सांगितले की, त्याच्या सिलिंडरातील ब्यूटेन वायू शून्य अंशाखाली सिलिंडरातून बाहेर पडत नाही. तो म्हणाला, शून्याखाली मी पण घराबाहेर पडत नाही.

एनिड हसली. विनाकारण.

२ एप्रिल, मंगळवार

निकष एकोणतीस झाले. टाकीचा पर्याय बाद : डोळ्यांआड असलेल्या वस्तूची तपासणी करता येत नाही. भाड्याचा पर्याय बाद : तत्त्वतः. उरला तो स्वतः भरावयाचा सिलिंडर. तथापि प्रवासाच्या मध्येच एक संपला तर? यास्तव दोन असावेत.

उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत भाषेच्या चौदा चुका आढळल्या. यादी करून पाठविली. उत्तराशिवाय खरेदी करणार नाही.

२३ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४

उत्तर आले. आभार मानले आहेत आणि एक रबरी कीचेन पाठविली आहे. आभाराच्या पत्रात दोन चुका. त्यांची यादी केली. पाठविली मात्र नाही. कुठेतरी थांबावे लागते. हे मी एनिडला ऐकविले. ती म्हणाली, चला, शिकतोयस.

९ मे, गुरुवार

क्लेग नावाच्या कारागिराकडे गाडी नेली. गॅसच्या कामाचा परवाना आहे. बोलणे तुटक, वाक्ये बहुतांशी क्रियापदाविना.

क्लेगचे मत : सहा किलोचा एकच, पुरे. उन्हाळाभर. दोघंच ना?

एनिडनेही त्याचीच री ओढली. म्हणाली, दोन म्हाताऱ्यांच्या चहाला गॅस लागतो किती, लायोनेल? आपण काय तिथे लग्नाची पंगत बसवणार आहोत?

मी वही उघडली आणि अकरा किलोचे दोन, हा निष्कर्ष कारणांसह वाचून दाखविला. अठरा मिनिटे लागली. क्लेगने दरम्यान दुसऱ्या गाडीचे चाक बदलले. शेवटी म्हणाला, अकराचे दोन. गाडी तुमची.

एनिड म्हणाली, गाडी माझी. पण बसव बाबा, आणि लवकर बसव.

७ जून, शुक्रवार

व्यवस्था बसली. दोन पिवळे सिलिंडर, पोलादी पट्टे, गॅसचा दाब आवरणारे यंत्र, गाडीच्या अंगावर भरण्याचे तोंड. युरोपातील प्रत्येक देशाच्या पंपास जुळतील अशी चार जोडतोंडे मखमली डबीत घेतली. आम्ही युरोपात जाणार नाही, हे एनिडने दोनदा सांगितले. वादळात बंदर निवडता येत नाही, असे मी म्हणालो. ती म्हणाली, गाडी आहे, लायोनेल, जहाज नाही.

औथवेटची व्हॅन नेहमीप्रमाणे दुपारी निघाली. मोटरहोमवाले रस्त्यात एकमेकांना हात करतात, अशी एक प्रथा आहे. औथवेटने आमच्या उभ्या गाडीलाही हात केला. हे उपरोधाने केलेले असावे.

८ जून, शनिवार

स्किप्टनच्या पंपावर गॅस भरण्यास गेलो. पंप आहे, गॅसचे यंत्र नाही. फेब्रुवारीत काढले. गॅसवर चालणाऱ्या मोटारी आता राहिल्या नाहीत, म्हणून यंत्रेही जात आहेत, असे काउंटरवरील बाईने सांगितले. मला ‘राजा’ म्हणाली. माझी तिची ओळख नाही. या भागात बायका टपालपेटीलाही राजा म्हणतात, तरीही.

पंपांची उपलब्धता हा एकोणतीस निकषांत नव्हता. तिसावा म्हणून नोंदविला. वही परिपूर्ण झाली, हे समाधान.

१५ जून, शनिवार

एकेचाळीस मैलांवर गॅसचे यंत्र सापडले. भरताना एक बटण सतत दाबून धरावे लागते. धरले. काटा ऐंशी टक्क्यांवर येऊन थांबला. पुन्हा दाबले. पुन्हा थांबला. काउंटरवर तक्रार केली. तिथला इसम म्हणाला, ऐंशी टक्के म्हणजेच पूर्ण. वरची जागा गॅसला फुगायला ठेवतात, साहेब. चाळीस वर्षांत ऐंशी टक्क्यांना पूर्ण म्हणणारा विद्यार्थी मी खपवून घेतला नाही. परंतु मागे चार मोटारी होत्या, आणि रांग अडविणे त्याहून वाईट.

परतताना एनिडने विचारले, आता निघायचं ना? मी म्हणालो, चाचणी झाल्याविना नाही.

२२ जून, शनिवार. दुपारी ३.३०

दारातच चाचणी. किटली चार मिनिटे दहा सेकंदांत उकळली. निळी, स्थिर ज्योत. अवर्णनीय समाधान. एनिडला चहास आत बोलाविले. तिने बिस्किटे आणली, खिडकीतून घराच्या भिंतीकडे पाहत कप संपविला. म्हणाली, देखावा ओळखीचा वाटतो.

औथवेट कुंपणावरून : काय मास्तर, कुठवर पोहोचलात?

३० जून, रविवार

एनिडने बोटीचे तिकीट काढले. २६ जुलै, सकाळी साडेदहा. सोबत, बोट सुटते त्या सीहाऊसेस गावाजवळ गाडी उभी करण्याची जागाही ठरविली. मला न विचारता. एखाद्या परीक्षेची तारीख पर्यवेक्षकास न विचारता जाहीर व्हावी, तसे वाटले.

असो. सव्वीस दिवस आहेत. भरपूर आहेत.

१२ जुलै, शुक्रवार

वजनाचा प्रश्न. गाडीवरील पत्र्यावर कमाल वजन ३,५०० किलो असे कोरले आहे. एक किलो अधिक झाल्यास कायदाभंग. औथवेटला त्याच्या व्हॅनचे वजन विचारले. म्हणाला, जड आहे.

संकल्प : गाडीतील प्रत्येक वस्तू स्वयंपाकघराच्या तराजूवर तोलणे.

२१ जुलै, रविवार. सायंकाळी ७

नऊ दिवस तोलतो आहे. चमचे, ताटल्या, दोऱ्या, छत्रीवजा मांडव, हत्यारांची पेटी, शब्दकोशाचे दोन खंड, एनिडच्या दुर्बिणीचे झाकण (अकरा ग्रॅम). सिलिंडर, गॅस व पट्टे मिळून चोपन्न किलो. गाडीच्या पुस्तिकेनुसार रिकाम्या गाडीचे वजन ३,०५०; त्यात पाण्याची टाकी वीस लिटर आणि पंचाहत्तर किलोचा चालक धरलेला. माझे वजन नेमके पंचाहत्तर. पुस्तिका माझ्यासाठीच लिहिली गेली असावी.

एकूण बेरीज : ३,४९२. आठ किलो शिल्लक! एकही आकडा अंदाजे नाही. तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवून एनिडला दाखविला. तिने वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वरपासून. म्हणाली, सगळं आलं यात? मी म्हणालो, सगळे. चहाचे गाळणेसुद्धा.

ती म्हणाली, बरं. आणि झोपायला गेली. साडेसहा वाजले होते.

२५ जुलै, गुरुवार. रात्री ९

आजचा वृत्तान्त शांतपणे लिहितो.

निघालो. वाटेत धान्याच्या गोदामावरील वजनकाट्यावर गाडी घेण्याचा आग्रह माझाच. तक्त्यावर अधिकृत शिक्का हवा होता. काट्यावरचा इसम माझ्याहून तीस वर्षांनी लहान. मला म्हणाला, घे पोरा, घे पुढे. गाडी चढविली. काटा : ३,५५०.

मी तक्ता दाखविला आणि काटा सदोष असल्याचे सांगितले. त्याने तक्ता निरखून वाचला. म्हणाला, लय भारी केलंयस. गाळणं पण तोललंस. आणि ह्या बाई?

एनिडचे वजन अठ्ठावन्न किलो. ३,४९२ अधिक अठ्ठावन्न म्हणजे ३,५५०. येथे नमूद करणे आवश्यक आहे की, माझी बेरीज एका किलोनेही चुकली नव्हती.

 एनिडला रविवारीच ठाऊक होते. वाट पाहत होती, मला आठवते का याची.

मग म्हणाली, पन्नास किलो काढायचे. सिलिंडर चोपन्न किलोचे आहेत. इथे ठेवू, परत येताना घेऊ. दोघं जाऊ.

काट्यावरचा म्हणाला, ठेवा की, मागं शेड आहे, कोण नेतंय.

मी स्पष्ट केले की, ही व्यवस्था अखंड आहे. पट्ट्यांवर क्लेगचे प्रमाणपत्र आहे. चार महिन्यांच्या अभ्यासाचे फळ गोणपाटांत ठेवता येत नाही. मग एनिडने एकेक वस्तू सुचविली. मांडव? पावसाचे काय? हत्यारपेटी? बिघाडाचे काय? शब्दकोश? या प्रश्नाला उत्तर देणेच मी गैर समजलो. सुधारित तक्त्यासाठी मी पंधरा दिवस मागितले.

एनिड म्हणाली, पंधरा दिवसांनी ऑगस्ट लागतो, लायोनेल.

मागे बार्लीने भरलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. काट्यावरचा म्हणाला, मग एक जण उतरा, की काम झालं. मी एनिडसाठी दार उघडण्यास खाली उतरलो; शिष्टाचार आहे तो. तोवर ती चालकाच्या जागी सरकली होती. म्हणाली, पुस्तकात चालक धरलेला आहे ना? मग तो चालक मी.

काटा : ३,४७५. इसमाने शिक्का मारला.

तिने खिडकीतून शब्दकोशाचे दोन्ही खंड माझ्या हाती दिले, वाटेत सोबत म्हणून. गाडी वळविली उत्तम. आरसा पाहिला, दिशादर्शक दिवा लावला. दोष काढण्यास जागा नव्हती. घर चार मैल. तिसऱ्या मैलावर औथवेटची व्हॅन मागून आली. थांबली. त्याने पुढच्या आसनावरील चिप्सचे पाकीट उचलले, जागा केली. मग म्हणाला, एनिडबाई दिसल्या मघाशी. हात केला त्यांनी. मस्त हसत होत्या.

व्हॅनमध्ये मागे त्याचा भाड्याचा सिलिंडर खडखडत होता. पट्टा नव्हता. मी शब्दकोशाचे खंड मांडीवर सरळ केले.

२६ जुलै, शुक्रवार. सकाळी १०.३०

बोट सुटली असेल.

संकल्प : या निवांत काळात तक्त्यात ‘प्रवासी’ असा रकाना घालणे.

२८ जुलै, रविवार

रकाना घातला. एनिड, अठ्ठावन्न. बेरीज सीमेपलीकडे जाते. कोणती वस्तू कमी करावी, ते पाहिले. शब्दकोशाचे खंड प्रथम. त्यांनंतर मांडव. जोडतोंडांची मखमली डबी (एक किलो दोनशे). हत्यारपेटी. अजून चार किलो अधिक होतात. एक सिलिंडर वगळला. पुरते. सहा किलोचा एकच असता, तर मांडवही नेता आला असता. क्लेगचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. हे फक्त येथे.

३० जुलै, मंगळवार. दुपारी १२

पोस्टकार्ड. पुढे पफिनचे चित्र. मागे एनिडचे अक्षर. उतरवून घेतो :

‘पफिन भेटले. हजारोंनी. एक माझ्या बुटावरून चालत गेला, जणू मी खडक. इथे मुक्कामाच्या भाड्यात वीज आहे, सगळे विजेच्या किटलीवर चहा करतात, मीही. गॅसला हात लावलेला नाही. तुझे सिलिंडर सुखरूप आहेत. शनिवारपर्यंत राहते. घरच्या फ्रिजमधला स्ट्यू मंगळवारच्या आत संपव. – एनिड (५८ किलो)’

निष्कर्ष : गॅसव्यवस्थेची निवड अचूक होती. दोन्ही सिलिंडर ऐंशी टक्के, म्हणजे पूर्ण, भरलेले आहेत आणि तसेच राहतील. एका प्रवासात शून्य वापर; अशी काटकसर भाड्याच्या सिलिंडराने साधली नसती.

स्ट्यू गार खाल्ला.

सवयीने लाल पेन्सिल घेऊन पोस्टकार्ड तपासले. चूक सापडली नाही. तीनदा तपासले.