जिन्यातली शांतता

४ मार्च

आज सकाळी माझ्यावर घोर अन्याय झाला. त्याची कुठेतरी नोंद व्हायला हवी आणि दुसरं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे करतो.

लेकीने तिच्या आईसाठी गोळ्यांची डबी पाठवली आहे. सात वारांचे सात कप्पे, आणि वेळ झाली की डबी ओरडते. कल्पना उत्तम! फक्त डबी ज्या वेळी ओरडते त्या वेळी जिच्यासाठी ओरडते ती अंघोळीला गेलेली असते, आणि जो झोपलेला असतो तो मी असतो. वर्तमानपत्रातला माणूस उशिरा घरी येतो हे डबीला कोण सांगणार? उशीखाली दाबली. उशीखालूनही ओरडली. त्या दिवसाचं झाकण उघडेपर्यंत तिचं समाधान होत नाही. शेवटी उघडलं, गोळी काढली आणि झोपेत कुठेतरी ठेवली. ती माझ्या चहाच्या बशीत सापडली. ही म्हणाली, बरं झालं, साखर समजून ढवळली नाहीत.

साखरेवरून ही मला बोलणार! मधुमेह हिला. पाच महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली ती हिची, हृदयाच्या नळीत जाळी बसली ती हिच्या. आणि जागरण मात्र माझ्या नशिबी.

७ मार्च

हृदयाच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी एकही दिवस चुकवायची नाही, साखर ताब्यात ठेवायची, रोज चालायचं. नाहीतर जाळीच्या आतून नळी पुन्हा आवळू शकते. ही तेव्हा इतक्या नम्रपणे मान डोलावत होती की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

ड्रायव्हिंग स्कूल चालवते ही. दिवसभर परक्या माणसांच्या शेजारी बसून त्यांच्या चुका काढते. आज चालून आलीस का विचारलं, तर म्हणे, वीस किलोमीटर झाले. गाडीतून!

१२ मार्च

लिफ्ट अजून बंदच. सोसायटीचे चिटणीस म्हणतात, सुटा भाग यायचा आहे. तो बहुधा चालत येतोय.

लिफ्ट बंद म्हणजे मला शिक्षा, कारण ही जिन्यात बोलते. बोलते म्हणजे माझ्यावर बोलते. तळमजल्याच्या पत्रपेट्यांपाशी सुरुवात होते. पहिल्या मजल्यापर्यंत माझे बूट, माझी विसरलेली बिलं. दुसऱ्यापर्यंत माझे नातेवाईक. तिसऱ्यावर आमचं दार येईपर्यंत लग्नाआधीच्या गोष्टी निघालेल्या असतात. मध्ये श्वास घेते असं मी कधी पाहिलेलं नाही. लहानपणी संस्कृत पाठशाळेत आम्हाला दीर्घ समास एका दमात म्हणायला लावायचे, तिथे ही पहिली आली असती. दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर काका दार किलकिलं करून विचारतात, आज विषय काय?

२१ मार्च

चमत्कार! आज ही पूर्ण जिना गप्प.

परीक्षा घ्यावी म्हणून मी होऊन सांगितलं, दूध आणायला विसरलो. तरी गप्प! दुसऱ्या मजल्यावर थांबली, पर्सचा पट्टा नीट केला, खिडकीतून बाहेर बघत राहिली. मीही बघितलं. खाली स्कूटर उभ्या होत्या, आणखी काही नाही. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट पाहिली.

माझं अनुमान असं की इतक्या वर्षांच्या माझ्या सहनशीलतेचं हे फळ. तपश्चर्येला फळ येतंच. उशिरा येतं, एवढंच.

२२ मार्च

आजही. वर येताना मी शीळ घातली.

२९ मार्च

शांततेचं कारण कळलं — दात. डावीकडे खालचा ठणकतो म्हणाली, त्यामुळे बोलवत नाही. लवंगेचं तेल आणून दिलं. (बाटली मुद्दाम लहान आणली, शांतता लगेच संपू नये म्हणून. बातमीदार असलो तरी मीही माणूस आहे.)

वहिनी येऊन गेल्या. आमच्या घराण्यातल्या स्वयंघोषित सिव्हिल सर्जन! त्यांच्या मते दात नाहीच, पित्त आहे. शिवाय त्या रक्ताच्या गोळीनेच होतं हे सगळं, दोन दिवस बंद करून बघ. मी फार क्वचित आवाज चढवतो. आज चढवला. ती गोळी बंद व्हायची नाही, म्हटलं, पित्ताचं बघू नंतर. वहिनी चहा न घेता गेल्या.

ही सोफ्यावर बसून मजा बघत होती. वहिनी गेल्यावर म्हणाली, "अहो, दरमहा एकदा असं बोलत जा. शोभतं तुम्हाला."

तेवढंच बोलली आणि पाय वर घेऊन पडून राहिली. संध्याकाळचे शिकाऊ विद्यार्थी दुसऱ्या बाईंकडे दिलेत म्हणे. अखेर विश्रांती घ्यायला शिकली!

२ एप्रिल

लेकीचा फोन. आई थकलेली वाटते, बाबा, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. मी फोन हिला दिला. ही म्हणाली, तपासणी पुढच्या महिन्यात आहेच, आत्ता दात दुखतोय, छाती नाही, छाती दुखली की कळवते. फोन परत माझ्या हातात. "बाबा, तुम्ही तरी ऐका!" मी ऐकतोच आहे. या घरात तेवढंच काम आहे मला.

४ एप्रिल

दाताचे डॉक्टर.

मी कोपऱ्यात जुनं मासिक चाळत होतो. त्यांनी आरसा घालून पाहिलं, दातावर ठोकून पाहिलं, फोटो काढला. दात ठणठणीत. मग विचारलं, दुखतो कधी? ही म्हणाली, चढताना.

"काय चढताना?"

"जिना."

"आणि थांबल्यावर?"

"थांबतो."

त्यांनी आरसा खाली ठेवला. "बाई, दात जिना चढत नाही," म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, हसू पार पुसलेल्या चेहऱ्याने, "यांचं हृदयाचं काही झालंय का?"

तिथूनच रिक्षा करून हॉस्पिटलात आलो. हृदयाच्या डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. सगळ्यांची छाती दुखतेच असं नाही म्हणाले, कुणाचा जबडा दुखतो, कुणाला नुसता दम लागतो.

पाठशाळेत पहिलं अनुमान शिकलो ते हे की धूर दिसला तर तिथे अग्नी असतो. मला धूर दिसला, आणि मी शेकत बसलो. पालिकेच्या सभागृहात एखादा बोलका सभासद दोन बैठका गप्प बसला तर मी लगेच त्याच्या मागे लागतो, याच्या पोटात काहीतरी आहे म्हणून. घरातली बाई जिन्यात गप्प झाली आणि मी शीळ घालत वर गेलो.

५ एप्रिल

अँजिओग्राफी झाली. नळी जाळीच्या आतच पुन्हा आवळली आहे.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. काळा दोरा, आणि मध्ये एका जागी कुणी चिमटीत धरावा तसा. मी चिडून म्हटलं, एवढी चांगली जाळी टाकली, गोळी एकदाही चुकली नाही, ती डबी मेली रोज बोंबलत होती, मग पाइप पुन्हा तुंबला कसा? ते म्हणाले, पाइप नाही तो. पाइपला जखम होत नाही आणि भरतही नाही. जाळी बसवताना नळीला आतून इजा होते, शरीर ती भरून काढतं. काहींच्या बाबतीत गरजेपेक्षा जास्त. जाळीवर आतून मांसाचा थर चढत जातो. साखर असली की धोका वाढतो.

म्हणजे ही जरुरीपेक्षा जास्त बरी झाली! कोणतीही गोष्ट प्रमाणात करणं हिला जमलेलंच नाही.

उद्या पुन्हा आत जाणार. बारीक कॅमेऱ्याने नळी आतून बघतील, फुग्याने ती जागा उघडतील, मग औषध लावलेला फुगा फुगवून ते औषध तिथे भिनू देतील, म्हणजे थर पुन्हा चढू नये. जमल्यास नवी जाळी नाही. मी विचारलं, यानंतर पुन्हा आवळणार नाही ना? म्हणाले, शक्यता कमी होते. नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी हिच्याजवळ बसलो होतो. विचारलं, अगं, जिन्यात दम लागत होता तर बोलली का नाहीस? आधी म्हणाली, मला दातच वाटला. मग खिडकीकडे बघत, नेहमीच्या थट्टेच्या सुरात,

"आणि तुम्ही इतके खुशीत होता हो. म्हटलं, असू दे थोडे दिवस."

मी उठून तिची चादर नीट केली. ती नीटच होती.

६ एप्रिल

झालं. उघडली. नवी जाळी लागली नाही. नर्सने सांगितल्यावर मी तिचे तीनदा आभार मानले आणि माझी छत्री समजून दुसऱ्याचीच घेऊन निघालो.

१० एप्रिल

घरी आलो. लिफ्ट अर्थातच बंद. डॉक्टरांनी जिना सावकाश चढायला परवानगी दिली आहे, दर मजल्यावर थांबून.

पत्रपेट्यांपाशी हिने माझ्याकडे पाहिलं. "ती कुणाची छत्री आणलीत?" तिथून सुरुवात. पहिल्या मजल्यावर बूट, दुसऱ्यावर वहिनी. तिथल्या काकांनी दार पूर्ण उघडलं आणि आदराने उभे राहिले. मी त्यांच्यासमोर डोळे पुसले. म्हटलं, धूळ फार आहे या जिन्यात.

१३ एप्रिल

डबी ओरडली. मीच उठून झाकण उघडलं, पाण्याचा पेला आणि गोळी हिच्या हातात दिली. साखर तपासली, आकडा लेकीला फोनवर कळवला. रोज संध्याकाळी दोघं चालायला जातो. चालतानाही बोलते. बोलू दे.

२४ एप्रिल

आज दुसऱ्या मजल्यावर, माझ्या चुलतभावाचा विषय चालू असताना, मनात आलं — किती बोलते ही! जरा गप्प बसली तर बरं.

दोनच आठवडे झालेत.

नळी पुन्हा आवळेल का, याची भीती डॉक्टरांनाही आहे. ती ते बघतील. माझी भीती वेगळी आहे. ही पुन्हा गप्प होईल, आणि मला पुन्हा बरं वाटेल.