फाट्यावरचा गोटीसोडा

देवगाव फाटा
ता. ९ मे १९९१

राधाकिशनदादास,
धाकट्या बहिणीचा, कोकिळाचा नमस्कार. वहिनी आणि लेकरं खुशाल असतील. इकडं ऊन लय आहे. एसटीतून उतरलेली माणसं तशीच टपरीकडं पळतात. बाबांचा खोकला कमी आहे.

आता ऐक. सोमवारी मी सोड्याच्या गॅसची टाकी आणायला सेलूला गेले आणि मागं तू टेम्पो घेऊन आलास. परत येऊन बघते तर टपरीत सोड्याचं मशीनच नाही! चहावाला म्हणाला, "तुझ्या भावानंच नेलं, भंगारात." ज्या मशीनवर तुझं कॉलेज झालं, ते भंगारात? जिंतूरला कंपनीच्या थंड बाटल्यांची एजन्सी घेतलीस, घे ना. एक सोडून दोन फ्रिज आण. पण फाट्यावर तुझीच बाटली खपावी म्हणून माझी टपरी मोडायची?

मी त्याच पावली जिंतूर गाठलं. भंगारवाला सीताराम म्हणाला, "ताई, अजून घण घातला न्हाई." मशीन परत आणलं. बदल्यात इथं घरी पडलेलं तुझं लग्नातलं लोखंडी कपाट त्याला देऊन टाकलं. तुझे कोट वळणीवर टांगलेत. येऊन ने.

तू चारचौघांत म्हणालास म्हणे, "नवरा सोडून आलेली बाई, आज इथं, उद्या कुठं." आठ वर्षं मी मशीन फिरवते आहे. तुझा तो उद्या अजून उगवला नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती. ते मशीन एकट्याला उचलत नाही. दुसरी बाजू कुणी धरली, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. काल बाबा आपणहून बोलले, "म्याच हात लावला. पोरीच्या हातात धंदा टिकत न्हाई म्हणला राधाकिशन. मला बी पटलं."

मी भांडले नाही. ताट वाढलं. ते जेवले नाहीत, मीही नाही. तुझ्यावर एवढी आग पाखडते आहे, त्यातली अर्धी त्यांच्या वाट्याची आहे. मला त्यांच्या तोंडावर बोलवत नाही.

आज सकाळी मशीन फिरवत होते तर जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "किती दिवस चालवशील गं?"

"सरका बाबा. बाटली फुटली तर काच लागंल."

सरकले. पण गेले नाहीत.

'लिंबाजी आणि मुलगा' ही पाटी मी उतरवली आहे. नवी रंगवायला टाकली. त्यावर जे लिहायचं, तेच खाली लिहिते.

कोकिळा लिंबाजी, सोडावाली