पाठ नववा : दोघी बहिणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवव्या पाठात मी आहे.

दुपारी ढापणीने संहितेचे कागद माझ्या टेबलावर ठेवले. "हा जमलाय बघ," म्हणाली आणि चहा सांगायला गेली. मी नेहमीसारखी पेन्सिल घेऊन बसले. आधी खुणा करते — इथे थांबायचं, इथे दार, इथे कपबशीचा आवाज. मोठेपणी इंग्रजी शिकणाऱ्या लोकांसाठीचे पाठ. ती लिहिते, मी रेकॉर्ड करते. एकदा सलग ऐकायचं, मग तुकड्यातुकड्याने, मग पुस्तकातल्या प्रश्नांपुढे खूण करायची. आधीचे आठही निरुपद्रवी: हरवलेली छत्री, दंतवैद्याची वेळ, शेजाऱ्याचं मांजर.

नवव्यात दोन बहिणी. वडिलांना झटका येऊन गेलेला, पुढच्या खोलीत पडून असतात. रोज संध्याकाळी विचारतात, "दोघी आल्या का?" धाकटीला दूरच्या गावी नोकरी लागली आहे. घरी कुणाला सांगितलेलं नाही. बॅग विकत घेतली, पण घरी आणली नाही.

माझी बॅग या टेबलापासून हाताच्या अंतरावर आहे. स्टुडिओच्या कपाटात, तारांच्या वेटोळ्यांमागे. तिथे ठेवायला ढापणीनेच मदत केली होती.

चौथा प्रश्न: धाकटी बहीण गप्प का राहते? अ — तिला वेळ मिळत नाही. ब — ती स्वार्थी आहे. क — तिला भीती वाटते. बरोबर उत्तर पुस्तकाच्या शेवटी.

ती चहा घेऊन आली. मी म्हटलं, कागद पाहिले, खुणा उद्या करते. चहा प्यायला नाही.


५ नोव्हेंबर

ढापणीला जिन्यात गाठलं. नोकरीचं तिला सांगितलं होतं तेही जिन्यातच.

"नववा पाठ कुठून आला?"

"वर्गातून. कुठून येणार? शिकणारे आपली गोष्ट सांगतात, बाई उतरवून घेतात, नाव काढून मला देतात. आज नव्याने कळतंय का तुला?"

"कुणाची गोष्ट?"

"ते मलाही कळू देत नाहीत. आणि मी वय, कामधंदा, सगळी उलटापालट करते. वर्गात कुणी कुणाला ओळखायला नको."

"उलटापालट करून नेमकी माझ्या मापाची झाली?"

तिने चष्मा काढून ओढणीला पुसला. वेळ काढायचा असला की पुसते. "अगं, आजारी वडील काय तुला एकटीलाच आहेत?"

"आणि 'दोघी आल्या का' हेसुद्धा घरोघरी विचारतात?"

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "शपथ घेऊन सांगते, लिहिताना तुझी आठवण झाली. पण तुझं म्हणून मी एक अक्षर घातलेलं नाही."

आठवण झाली. म्हणजे निम्मी कबुली.

घरी येताना डोक्यात मांडून पाहिलं. बाबांचा प्रश्न घरातल्या तिघांना माहीत. नोकरी आणि बॅग घरात फक्त मला. दोन्ही माहीत असलेलं माझ्याखेरीज एकच माणूस, आणि ते चष्मा पुसत होतं. पुन्हा मांडून पाहिलं. उत्तर तेच.

ढापणी हे नाव मीच ठेवलेलं, चष्म्यावरून. त्याचा दुसरा अर्थ इतकी वर्षं ध्यानात आला नव्हता.


६ नोव्हेंबर

नववा रेकॉर्ड झाला.

आमच्याकडे सगळ्या पुरुषांचा आवाज एकच माणूस देतो. डॉक्टर तोच, तिकीट तपासनीस तोच, मांजराचा मालकही तोच. आम्ही त्याला पुरुषवर्ग म्हणतो. आज तो वडील झाला. काचेपलीकडून हळू, जरा अडखळत, इंग्रजीत म्हणाला, "माझ्या दोन्ही मुली घरी आल्या का?"

मी सांगितलं, पुन्हा घ्या. मग आणखी एकदा.

"काय चुकतंय बाई?" त्याने विचारलं.

काही चुकत नव्हतं. पहिल्याच वेळी बरोबर होतं. मी म्हटलं, माईक जरा फुटतोय.

ढापणी माझ्या शेजारी बसून संहितेवर बोट फिरवत होती. आम्ही कामापुरतं बोललो.


८ नोव्हेंबर, शनिवार

ताईने तिच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गातून कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर एक वाक्य. सगळी मिसळलेली, वाचून क्रमाने लावायची. बाबांच्या पलंगावर जागा सपाट असते, म्हणून तिथेच मांडल्या. बाबांचा चांगला हात मध्येच यायचा आणि एक पट्टी सरकवायचा.

"बाबा, बस्स झालं. माणूस आधी गाडीत बसतो, मग उतरतो."

"तुला काय माहीत," बाबा म्हणाले. झटक्यानंतर शब्द त्यांच्या तोंडात ओले होऊन येतात, पण टोमणा कोरडाच राहतो. "आधी उतरला असेल. चुकीची गाडी असेल."

"झालं. आता ह्यांचं ऐकून मी नापास."

"इतकं शिकून करणार काय? मला इंग्रजीत गोळ्या देणार?"

"हो. तेव्हा तरी मुकाट्याने गिळाल."

मी उशीच्या कडेला बसून पाहत होते. ताईने माझ्यासाठी शिवणाच्या कामातून उसंत काढलेली मी लहानपणापासून पाहिली आहे. आई गेल्यावर माझी फी, माझे डबे, सगळं तिच्याच मशीनवर शिवून निघालं. दोन वर्षं बाबांना उठवणं, बसवणं, अंघोळ — दिवसभर ती, संध्याकाळी मी. म्हणूनच सांगता येत नाही. ती "जाऊ नकोस" म्हणेल याची भीती नाही. ती "जा" म्हणेल आणि हातातली सुई चालूच ठेवेल, याची आहे.

"वर्गात बोलतेस का काही?" मी सहज विचारलं.

"छे. मी नुसती ऐकते. तोंड उघडलं की सगळं व्याकरण पळून जातं." मग हळूच, "दोन तास बाहेर बसायला मिळतं गं. तेवढंच."

नोकरीला मी होकार कळवून टाकला आहे. जानेवारीत रुजू व्हायचं. आवाजाची प्रयोगशाळा, सभागृहांच्या भिंती कशा असाव्यात ते मोजणारी. मी शिकले ते याचसाठी. कपबशा वाजवण्यासाठी नाही.


१० नोव्हेंबर

साहेबांनी सांगितलं, नवव्याची चाचणी बुधवारी. दर वेळी ज्या सभागृहात घेतो तिथे रंगकाम निघालं आहे, तेव्हा या खेपेला शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात. ताईचा वर्ग.

"त्या वर्गात नको," ढापणी पटकन म्हणाली.

"का?"

"असंच. दुसरा एखादा बघू ना."

"असंच हे कारण मी घरी देतो," साहेब म्हणाले. "तिथेही चालत नाही."

म्हणजे लाज अगदीच गेलेली नाही. ताई समोर बसून माझी गोष्ट ऐकणार, हे तिच्याही ध्यानात आलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर पाठ उघडला. बॅगेचं वाक्य कापलं. बाबांचा प्रश्न कापला. दोन्ही ठिकाणी पुरुषवर्गाच्या आणि बहिणींचे आवाज देणाऱ्या बाईंच्या श्वासांचे तुकडे घालून जोड बुजवला. पुन्हापुन्हा ऐकलं. काही काढलंय हे मलासुद्धा ऐकू येत नाही. आता उरली ती कुठल्याही दोन बहिणींची गोष्ट. संहिता वर्गात कुणाला देत नाहीत; आधी नुसतं ऐकायचं असतं.

ढापणीच्या लिखाणाला तिला न विचारता हात लावण्याची ही पहिलीच वेळ. वाईट वाटलं नाही.


१२ नोव्हेंबर, बुधवार

लहान मुलांचे बाक. मोठ्यांचे गुडघे त्यांत मावत नाहीत, म्हणून सगळे तिरके बसतात, लग्नाच्या पंगतीत जागा कमी पडावी तसे. मी शेवटी, स्पीकरजवळ. ताई मधल्या रांगेत. मला पाहून भुवया उडवल्या, एवढंच.

पाठ लावला. पहिल्यांदा सलग. ताई मान खाली घालून ऐकत होती. मी तिची मान पाहत होते. दुसऱ्यांदा तुकड्यातुकड्याने लावला, तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली होती.

वर्गाच्या बाईंनी चौथा प्रश्न विचारला. धाकटी गप्प का?

"ब," पुढच्या बाकावरचा केस कापणारा म्हणाला. "स्वार्थी. माझी मेहुणी सेम टू सेम."

सगळे हसले. बाई म्हणाल्या, मेहुणी राहू द्या, इंग्रजीत सांगा. आणि मग ताईने — तोंड उघडत नाही म्हणणाऱ्या ताईने — हात वर केला.

"बिकॉज," ती म्हणाली आणि थांबली. पुढचं सगळं इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत, पण न चुकता: "दुसरी बहीण रागावेल याची तिला भीती नाही. ती 'जा' म्हणेल, याची भीती आहे."

माझी बोटं बटणावर तशीच राहिली. ते वाक्य मी शनिवारी या वहीत लिहिलं आहे.

बाई म्हणाल्या, छान, आणि पाचव्या प्रश्नाकडे वळल्या. ताईचा हात अजून वरच.

"बाई, बॅगेचं काय झालं?"

बाईंनी हातातला प्रश्नांचा कागद पाहिला. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, "यात बॅग नाहीये. पाचवा प्रश्न घेऊ या."

नव्हतीच. बॅग मी काढली होती. वर्गात बॅगेचा एक शब्दही वाजला नाही.

परत येताना कोपऱ्यावर ताईने विचारलं, "मागे बसून कंटाळलीस का?" मी म्हटलं, नाही.

म्हणजे ढापणीने नुसतं लिहिलं नाही. ताईला जाऊन सांगितलंही.


१३ नोव्हेंबर

सकाळी थेट साहेबांकडे गेले. आवाज न चढवता सांगितलं: लेखिकेने माझी खासगी गोष्ट पाठात वापरली, आणि ती माझ्या घरी पोहोचवली. पुढे तिच्या संहितेवर मला काम करायचं नाही.

साहेबांनी पुष्कळ वेळ पेनचं टोपण काढलं, लावलं. "ती असं करेल वाटत नाही हो. पण तुमचं असं म्हणणं असेल तर..." पुढच्या इयत्तेचं पुस्तक दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो म्हणाले. ढापणी वर्षभर त्याच पुस्तकाच्या मागे होती.

दुपारी ती आली. रडलेली होती, पण आवाज साधा.

"तुझ्या ताईशी मी आयुष्यात दोनदा बोलले असेन. दोन्ही वेळा तुझ्यादेखत."

"मग बॅगेचं तिला स्वप्न पडलं?"

"ते मला नाही माहीत. तू विचारलंस का तिला?"

"विचारायचं काय राहिलंय? भर वर्गात तिनेच विचारलं."

"तरी विचार," ती म्हणाली. मग कपाट उघडून माझी बॅग बाहेर काढली आणि माझ्या खुर्चीशेजारी ठेवली. "ही इथे नको. नाहीतर उद्या हेही माझ्यावर येईल."

इतक्या वर्षांत तिने माझ्यापुढे दार आपटलेलं नाही. आजही नाही. हळूच लावून घेतलं.


१४ नोव्हेंबर

बॅग पुन्हा कपाटात. ढापणी रजेवर.

राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. एका गोष्टीचा मात्र उलगडा झाला: ताईला माहीत आहे, आणि ती चिडलेली नाही. रोजच्यासारखी वाढते, बाबांशी भांडते, मशीनवर बसते. वर्गातलं उत्तर तिने मला ऐकवण्यासाठीच दिलं. एवढं समजून घेणाऱ्या माणसाला मी अजून सांगत नाहीये, हे तिला कसं वाटत असेल?


१५ नोव्हेंबर

उद्या सांगणार. वाक्य तयार आहे. लांब नाही.


१६ नोव्हेंबर, रविवार

गच्चीत ताई चादरी वाळत घालत होती. मी म्हटलं, "ताई, एक सांगायचंय."

"बॅगेचं ना?" ओली चादर तिच्या हातातच राहिली. "मला वाटलंच. वर्गात मूर्खासारखी विचारून बसले, तेव्हाच तू ओळखलंस." मग थांबलीच नाही. बॅग तिच्या एका गिऱ्हाइकाकडे ठेवली आहे. परदेशातल्या वृद्धाश्रमात काम मिळालंय. अनुभव विचारला, तेव्हा बाबांचंच सगळं सांगितलं. बाईंना गोष्ट सांगताना रडली होती, पाठात थोरलीची धाकटी केली तरी ऐकताना पेन्सिल खाली ठेवावी लागली. विमान जानेवारीत. "रोज ठरवत होते तुला सांगायचं. तू आहेस म्हणून तर जाता येतंय गं. नाहीतर बाबांना टाकून मी कुठे हलले असते?"

चादरीचं एक टोक तिने माझ्या हातात दिलं. आम्ही ती झटकली, ताणली, दोरीवर टाकली.

"पण तू काय सांगणार होतीस?"

"हेच," मी म्हटलं. "मला कळलंय म्हणून."