उपऱ्याचा घास

सोलापूर, शुक्रवार पेठ
फाल्गुन वद्य ३, शके १८५४

ती. दादास रुक्मिणीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सारी खुशाल आहोत. मामंजी खुशाल आहेत असं लिहायला मात्र हात धजत नाही. सासूबाई गेल्यापासून ते पानावर बसतात तेवढंच. एक नेम तेवढा सुटला नाही. वैश्वदेव झाला की श्वानाचा घास दाराशी टाकायचा आणि कुत्र्याने तो खाल्ल्यावरच आपण जेवायचं. सासूबाई होत्या तेव्हापासून एक तांबडं कुत्रं त्या घासाला सोकावलं आहे. मामंजी सोवळ्यात असतात, म्हणून लांबूनच घास टाकतात आणि त्याने खाल्ला की म्हणतात, हाड! ते शेपूट हलवत आणखी जवळ येतं. बिचाऱ्याला तेच आपलं नाव वाटतं.

परवा ते आलं नाही, तर मामंजी उपाशीच उठले. आता पेठेत दवंडी झाली आहे, की पाडव्यानंतर बिनपट्ट्याची कुत्री धरून नेऊन मारणार. मी पट्ट्याचं सुचवलं, तर मामंजी म्हणाले, पट्टा बांधला की ते घरचं झालं. श्वानाचा घास हा उपऱ्याचा वाटा; घरच्यालाच घातला तर आपणच जेवल्यासारखं. शिवाय सोवळ्याच्या घरात कुत्रं? इकडून तर या वादात पडणंच होत नाही. कुत्रं गेलं तर मामंजींचं जेवण गेलं, एवढं मला कळतं. तूच काही सुचव. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
रुक्मिणी

कुर्डुवाडी
फाल्गुन वद्य ९

चि. सौ. रुक्मिणीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कुत्रं दिसलं की माझ्या पाठीवर चढणारी तू आता त्याचीच वकिली करतेस! हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मामंजींशी शास्त्रार्थ करायची माझी छाती नाही. वर्कशॉपसमोरच्या मोच्याकडून चामड्याचा पट्टा करून घेतला आहे, पितळी कडी लावून. पार्सलाने येईल. गुपचूप बांधून टाक आणि कळलंच तर खापर माझ्यावर फोड. इतक्या लांब त्यांचं रागावणं ऐकू येणार नाही. वहिनीने कुरडया दिल्या आहेत, त्या माणसांनी खाव्यात. घरी वडीलधाऱ्यांस नमस्कार सांग आणि पत्राला उशीर करू नकोस.

तुझा
वेणीमाधव

सोलापूर
चैत्र शुद्ध ५, शके १८५५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पट्टा पोचला, पण बांधायचा धीर होईना. मामंजींच्या नेमाला चोरून हात लावायचा कसा? फडताळात ठेवून दिला. आणि काल कुत्री धरणारी गाडी आलीच.

मामंजी घास घेऊन दाराशी आले, तर आमचं तांबडं जीव घेऊन पळत होतं आणि मागे फास घेतलेली माणसं. दादा, सोवळ्यात कधी पायरी न उतरलेले मामंजी अनवाणी भर रस्त्यात धावले. हाक कोणत्या नावाने मारणार? हाड, हाड, म्हणून ओरडत सुटले. ते कुत्रं माणसांच्या पायांतून वाट काढत थेट त्यांच्याकडे आलं. मामंजींनी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. गाडीवाला म्हणाला, म्हाराज, हाड म्हटल्यावर पळणारी लई बघितली, येणारं हेच बघतोय. पण पट्टा कुटं हाय? मामंजींनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या गळ्यात बांधलं आणि सांगितलं, की हे आमच्या घरचं आहे. सासूबाई गेल्या तेव्हाही त्यांचा आवाज इतका कापला नव्हता. माझ्या डोळ्यांना धार लागली. गाडीवाले पुढे गेले.

मग पुन्हा स्नान, पुन्हा सोवळं. आता हे घरचं झालं, तर घास कुणाला? दुसरं कुत्रं यावं म्हणून मामंजी थांबले, तर आमचं कुणाला फिरकू देईना. शेवटी आज त्याला पडवीत कोंडून मामंजी पलीकडच्या बोळातल्या कुत्र्याला घास टाकून आले. इतकं चालल्यावर दोन भाकरी जेवले. मी पुन्हा वाढायला गेले तर नको म्हणाले नाहीत. तुझी आठवण येते, एवढंच.

तुझी
रुक्मिणी

सोलापूर
चैत्र वद्य २

रा. रा. वेणीमाधवराव यांसी चिंतामणीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

सूनबाईच्या फडताळात आपण पाठविलेला पट्टा मिळाला. काम सुबक आहे. सूनबाईस रागावलो नाही, आपणांसही नाही. पट्टा सोबत परत धाडीत आहे. शेजारच्या विणकऱ्यांनी मागावर सुती पट्टा विणून दिला, तो बांधला आहे. बाहेर वावरणाऱ्यास चामडे ठीक. हे आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आमची मंडळी हयात असता निवडाटिपायला बसत त्या जागी निजते. नाव हाड हेच राहिले, दुसऱ्यास ओ देत नाही.

सवडीने सहकुटुंब येणे करावे. दारात भुंकले तर भिऊ नये. घरचे आहे.