आईची नक्कल आणि माझ्या हिरड्या

धाकटे,

मी दातांच्या डॉक्टरांकडे चाललेय. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे. मला गरम-गार काहीच सोसत नाहीये.

काल पार्लर बंद करून तू माझे दात पांढरे करायला बसलीस आणि आईची नक्कल करायच्या नादात ते औषध पुसायचं विसरलीस. जळजळ मला कळत होती गं. पण आई गेल्यापासून तू पहिल्यांदाच इतकी हसत होतीस, म्हणून मी तशीच आ वासून बसून राहिले.

आज हिरड्या पांढऱ्याफटक पडून सोलवटल्यात. सकाळी फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, डॉक्टर नसलेल्यांनी हे करायला कायद्यानेच बंदी आहे. कुणी केलं, असंही विचारलं. मी म्हटलं, माझं मीच केलं. तूही तेच सांग.

दुपारच्या नवरीचे केस कर, चेहरा कर, पण दातांना हात लावू नकोस. त्या औषधाची बाटली मी सोबत नेलीय.

रडत बसू नकोस. संध्याकाळी आईची नक्कल परत करून दाखव. मला हसता येणार नाही, तरी कर.

ताई