तळ्यातला जंतू

चामराजपेट, बेंगळूर
१४ ऑगस्ट १९६१

चि. सौ. कावेरीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझी जखम भरली, हे वाचून जीव भांड्यात पडला. तळ्यावर धुणं धुताना लागलेला तो शिंपला मोठा गुणाचा निघाला! तुझ्या पायातला पू कापसावर घेऊन गेलो होतो ना, त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवला. आहे साधा पाण्यातलाच, पण बेडकाला टोचला की त्याच्या मांड्या लाल होतात. रोग कातडीतून रक्तात कसा शिरतो, हे माणसात कसं पाहणार? बेडकात दिसतं. पुण्याहून, मद्रासहून मागणी आली आहे. पाठवायच्या नळीवर नाव हवं होतं, माझं 'हयवदन' न लिहिता मी 'कावेरी' लिहिलं. परवाच्या सभेत तुझ्या पायाचा फोटो पडद्यावर आला तेव्हा सगळे थक्क झाले. तुझे दीर भीमसेन कॉलेजच्या मित्रांबरोबर आले होते, ते सांगतीलच. बहीण भावाचं नाव काढते म्हणतात, इथं भावानं बहिणीचं काढलं!

वहिनीनं सारिन पुडी, तुझ्या आवडीचा आमटीचा मसाला, पाठवली आहे. माया आहेच, ती पत्रागणिक वाढो.
अण्णा

देवनहळ्ळी
२५ ऑगस्ट

ती. अण्णास कावेरीचा साष्टांग नमस्कार.

फोटो फक्त मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा, असं तू म्हणाला होतास. म्हणून तापातसुद्धा गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेऊन बसले. भावजींनी घरी येऊन सगळं सांगितलं. पडदा, लाल झालेले बेडूक, माझं नाव. तेव्हापासून सासूबाई मला हंड्याला हात लावू देत नाहीत. ताट वेगळं, अंथरूण पडवीत. गुंडू त्यांच्यापाशी निजतो. दोन वर्षांचं पोर ते, दारातून हात पुढे करतं आणि मी मागे सरकते. हे खाली मान घालून कामाला निघून जातात.

सासूबाई म्हणाल्या, तुझ्या भावानं लिहून दिलं तर मानीन. जंतू तळ्यातला, माझा नव्हे, जखमेबरोबर तो गेला, एवढंच लिही. स्वल्प लवकर लिही रे.

तुझ्या मायेचीच वाट पाहणारी
कावेरी

चामराजपेट
६ सप्टेंबर

चि. सौ. कावेरीस आशीर्वाद.

सासूबाईंसाठी वेगळा कागद सोबत आहे. तुला म्हणून सांगतो, तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही, याबद्दल मला शंका नाही. पण तसं लेखी देणं कठीण. आमचे साहेब हणमंतराव म्हणतात, निबंध छापून येईपर्यंत संसर्गाबद्दल एक अक्षर बाहेर जाता कामा नये. म्हणून 'अद्याप निश्चित सांगता येत नाही' एवढंच लिहिलं आहे. थोडे महिने कळ काढ. नाव आता बदलता येत नाही, नळ्या रवाना झाल्या. आणि ही कावेरी कोण, हे तिकडे कुणाला कळणार?

रागावू नकोस, लोभ धर.
अण्णा

देवनहळ्ळी
२० सप्टेंबर

रा. रा. हयवदनराव यांस सा. न. वि. वि.

आपला कागद भावजींनी मोठ्यानं वाचला. सासूबाईंनी त्यातलं एकच वाक्य उचललं. आपण मला लिहिलेलं पत्र मी पुढे केलं. त्या म्हणाल्या, एकाच हातानं दोन तऱ्हेचं लिहिणाऱ्याचं खरं कुठलं मानायचं?

यांनी ते ऐकलं. उठले, पडवीत आले, माझा तांब्या उचलला आणि आईसमोर घटाघटा प्याले. मग गुंडूला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. सासूबाई रडल्या, पण दुसऱ्या दिवशी हंडा त्यांनीच माझ्या हाती दिला. आता घरात सगळं सरी, सुरळीत आहे.

मी यांना नंतर विचारलं, भीती नाही वाटली? वाटली, म्हणाले. त्यांना यातलं काही कळत नाही, तरी ते प्याले. आपल्याला तर ठाऊक होतं.

भाऊबीजेला येण्याची तसदी घेऊ नये. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, मीही तसंच करीन.

वहिनींना नमस्कार. लोभ मागत नाही.

सौ. कावेरी नरसिंहराव