ठकीच्या गाठीतलं हाड

ता. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बरणी पोचली. तुझ्या ठकी कुत्रीच्या स्तनातून डॉक्टरांनी काढलेली गाठ मी नियमाप्रमाणे दोनदा मापली, मेणात बसवली आणि काचपट्टीसाठी पातळ काप घ्यायला लागलो. तिसऱ्याच कापाला करकर आवाज झाला आणि यंत्राच्या नव्या पात्याला खाच पडली. बघतो तर आत हाड!

मावशी, माझ्या कंपासपेटीत रबरी पाल ठेवणारी तूच. पण प्रयोगशाळा ही थट्टेची जागा नव्हे. माझे शिक्षण अर्धवट, नोकरी नवी. गाठी तपासणाऱ्या आमच्या डॉक्टर बाईंना अजून काही सांगितलेले नाही. तो तुकडा बाजूला ठेवला आहे. खरी गाठ ताबडतोब पाठव.

लोभ आहे, तूर्त रागही आहे.
तुझा भाचा

ता. ९ मार्च

चि. शहाण्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अरे, बरणी डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांदेखत बंद केली. मी फक्त टपालात टाकली. आणि ठकीच्या घरात हाड असतं, तर ते तुझ्यापर्यंत पोचलं असतं का? गाठ एकच होती, दुसरी कुठून आणू? कॅन्सर आहे की नाही, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तू गाठ बाजूला ठेवून बसलायस! मुकाट्याने बाईंपुढे जा.

नमुन्यादाखल एक वस्तू सोबत जोडली आहे. माझी थट्टा कशी असते, ते नीट बघून घे.

लोभ वाढव, नाहीतर कान ओढून वाढवीन.
तुझी मावशी

ता. १७ मार्च

ती. मावशीस,
सा. न., तोही कान धरून.

आधी महत्त्वाचे: कॅन्सर नाही. ठकी सुटली!

बाईंनी गाठ आम्लात मऊ करून मलाच पुन्हा कापायला लावली. कुत्र्यांच्या अशा गाठीत कधीकधी दूधग्रंथीच्या पेशींसोबत कूर्चा आणि चक्क हाडही तयार होते. तिला मिश्र गाठ म्हणतात. म्हणजे हाड ठकीनेच केले. शंका आली तर गाठीवर घ्यावी, मावशीवर नव्हे, असे बाई म्हणाल्या. फुकट गेलेल्या दिवसांबद्दल जे म्हणाल्या, ते लिहीत नाही.

तुझे पाकीट मी पुरावा म्हणून त्यांच्यासमोरच फोडले होते. पाल टेबलावर पडली आणि बाई खुर्चीवर चढल्या. नोकरी गेली असे मी धरून चाललो. पण आता ती पाल त्या परत देत नाहीत. ती घातलेल्या पाकिटावर त्यांच्या धाकट्या भावाचा पत्ता स्वच्छ अक्षरात लिहायचे काम मला मिळाले आहे.

लोभ असू दे, नमुने पुरेत.
तुझा भाचा